किलोमागे तीन रुपये वाचवले आणि दिवाळीचा सीझन घालवला



"सर, व्हेंडरशी घासाघीस कशी करायची?" हा प्रश्न माझ्या प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच दिवशी येतो. विचारणाऱ्यांमध्ये घरून मसाले विकणाऱ्या ताई असतात, नुकतंच केटरिंग सुरू केलेला मुलगा असतो, रिटायर होऊन पापड-कुरडयांचं युनिट टाकणारे काका असतात. प्रत्येकाला एखादं हुकमी वाक्य हवं असतं. ते बोललं की समोरचा दहा टक्के खाली आलाच पाहिजे! असं वाक्य माझ्याकडे नाही. व्हिडिओत या विषयाला आठ मिनिटं मिळाली आणि त्यातही हिशेब दाखवायचे राहून गेले, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या धंद्यात नुसता भाव पाडून फार काही हाती लागत नाही. आपल्यामुळे पुरवठादाराला जो खर्च आणि मनस्ताप होतो तो कमी करायचा, आणि त्यातून त्याचे जे वाचतं त्यातला आपला वाटा हक्काने मागायचा, यातून जे सुटतं ते टिकतं. यातला दुसरा भाग विसरू नका हं. नुसतं गोड वागलं म्हणून कोणी आपणहून रेट कमी करत नाही. मागावंच लागतं. पण मागायला आपल्या हातात काहीतरी असावं लागतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझं पुण्यात चिवड्याचं छोटं युनिट होतं. दोन कढया, चार बायका पॅकिंगला आणि एक सेकंडहँड टेम्पो. महिन्याला साधारण दीडशे किलो शेंगदाणा लागायचा. तो मी मार्केट यार्डातल्या भुसार विभागातल्या एका शेठकडून घ्यायचो. दोन वर्षं कधी पोतं उघडून बघावं लागलं नाही. चिवड्याला कुठला दाणा लागतो हे त्यांना एकदा सांगितलं होतं, तेवढ्यावर काम चालायचं.

मग एका जुलैमध्ये मला एक नवा व्यापारी भेटला. तोच दाणा, किलोमागे तीन रुपये कमी. मी खूश. शेठना एक फोनसुद्धा केला नाही, सरळ माल घेणं बंद केलं. तीन महिन्यांत साडेचारशे किलो दाणा घेतला, म्हणजे १,३५० रुपये वाचले. त्या दिवसांत मी स्वतःला मोठा बिझनेसमन समजायला लागलो होतो.

दिवाळीच्या तोंडावर एकदम सहा पोती मागवली. त्यातली तीन निघाली खवट. कुठल्या तरी दमट गोडाऊनमध्ये मागच्या हंगामापासून पडून असलेला माल असणार. आणि आम्हाला कळलं कधी? दाणा तळून, चिवड्यात मिसळून, पाकिटं सील करून दुकानात गेल्यावर. खवट दाण्याची गंमत अशी की एका घासात एकच आला तरी सगळं पाकीट वाईट. दुकानदारांनी माल परत केला. एका ऑफिसची दोनशे बॉक्सची ऑर्डर रद्द झाली. नवा व्यापारी फोन उचलेना.

तोंड पाडून मी शेठकडे गेलो. म्हटलं, सहा पोती द्या. ते म्हणाले, "भाऊ, दसऱ्याआधीच मी नेहमीच्या गिऱ्हाइकांचा माल बाजूला काढून ठेवतो. या वेळी त्यात तुमचं नाव नाही." शेवटी दोन पोती दिली, त्या दिवसाच्या भावाने आणि रोखीने. बरोबरच होतं त्यांचं. पण उठता उठता त्यांनी जे सांगितलं ते मी आजही वर्गात सांगतो. "तीन रुपयांचं तुम्ही मला बोलला असतात तर दोन मी तिथंच सोडले असते. तुम्ही आठ-दहा दिवसांनी एकेक पोतं मागवता. दर वेळी बिल वेगळं, हमाल वेगळा, टेम्पो वेगळा. महिन्याची तीन एकदम उचलली असतीत तर मला परवडलं असतं ना."

लक्षात आलं का? दोन वर्षं माझ्याच ऑर्डर देण्याच्या पद्धतीमुळे तो दाणा मला महाग पडत होता. मी कधी विचारलंच नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. त्या दिवाळीत माझं नुकसान किती झालं ते विचारू नका, वाचलेल्या १,३५० रुपयांच्या कितीतरी पट झालं.

स्वस्त म्हणजे नक्की काय?

व्हेंडरशी बोलायला जाण्याआधी घरी बसून एक काम करायचं. कुठलाही माल आपल्या कढईत किंवा आपल्या टेबलावर पडेपर्यंत खरोखर केवढ्याला पडतो ते काढायचं. रेट हा त्याचा फक्त एक भाग असतो. ऐकायला सोपं वाटतं, पण हे कोणी करत नाही. मी दर बॅचला करून बघायला सांगतो आणि दर बॅचला दोन-चार जण कपाळावर हात मारून घेतात.

तेलाचं उदाहरण घ्या. एका दुकानात डबा २,१०० रुपयांना आहे, दुसऱ्याकडे १,९८०. कुठला स्वस्त? डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका. पहिला १५ किलोचा आहे आणि दुसरा १५ लिटरचा. खाद्यतेलाचं एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल आहे १३ किलो ६५० ग्रॅम. आता भागाकार करा. पहिला पडला १४० रुपये किलो, दुसरा १४५ रुपये किलो. जो डबा १२० रुपयांनी स्वस्त दिसत होता तो किलोमागे पाच रुपयांनी महाग आहे. (रेट उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही आजचे घाला.)

आता माझाच शेंगदाणा. शेठचा समजा १२४ रुपये आणि निवडताना जातो एक टक्का. म्हणजे कामाचा दाणा पडला १२५ रुपये २५ पैशांना. नव्याचा १२१ रुपये, पण त्यात खडे, फुटके, काळे मिळून पाच टक्के गेले. कामाचा दाणा पडला १२७ रुपये ३७ पैशांना. वर एक बाई दोन तास निवडत बसली त्याची मजुरी वेगळी. तीन रुपये स्वस्त म्हणून घेतलेला माल दोन रुपयांनी महाग! आणि हे माल खवट नसतानाचं गणित आहे.

बारदानाकडेही लक्ष ठेवा. ज्यूटच्या रिकाम्या पोत्याचं वजन अर्धा किलो किंवा त्याहून जास्त भरतं. व्यापारी पोत्यासकट वजन धरत असेल तर पन्नास किलोमागे साठ-सत्तर रुपये तुम्ही गोणपाटाचे देताय. वजन निव्वळ धरायचं की बारदानासकट, हे पहिल्याच व्यवहारात स्पष्ट करून घ्या. त्यात भांडण्यासारखं काही नाही, फक्त विचारायचं. हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं हे सगळं किलोवर वाटून लिहून काढा. एकेका पोत्याला टेम्पोचे दीडशे रुपये देणाऱ्याने किलोमागे तीन रुपयांवरून व्यापाऱ्याशी तासभर वाद घालावा, यासारखी करमणूक नाही. ते दीडशे रुपयेच किलोमागे तीन होतात!

आमच्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या बाजूला मोठ्या कंपन्या आपल्या व्हेंडरकडून माल गोळा करायला एकच गाडी फिरवतात. दूधवाला दारोदार रतीब घालत फिरतो तसं. तुम्ही हे छोट्या प्रमाणावर का करू नये? एकाच भागात राहणाऱ्या तीन ताईंचे तीन धंदे, एकीचे मसाले, दुसरीचे लाडू, तिसरीचा केटरिंगचा किराणा. महिन्यातून दोनदा तिघींचा माल एका टेम्पोत आला तर व्यापाऱ्याचा एक पैसा कमी न करता प्रत्येकीचं भाडं निम्म्याच्या आसपास येतं.

उधारी फुकट असते असं कोणी सांगितलं?

आता ज्या सल्ल्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे तो. "पेमेंट जितकं लांबवता येईल तितकं लांबवा, उधारी म्हणजे बिनव्याजी भांडवल." हे बऱ्याच मोटिव्हेशनल भाषणांत ऐकायला मिळतं. मोठ्या कंपनीला ते जमतं, कारण व्हेंडरला तिची ऑर्डर सोडवत नाही. तुमची तीन पोत्यांची ऑर्डर सोडताना व्यापाऱ्याला काय वाटणार आहे? तो तुम्हाला उधारी देतो तेव्हा तिचं व्याज त्याने भावात आधीच लावलेलं असतं. शिवाय पैसे बुडायची भीती असते, तिचाही एखाद रुपया.

आपल्या बाजारात 'वटाव' हा जुना शब्द आहे. लवकर पैसे दिले की बिलातून जी सूट मिळते ती. काही जण तिला सीडी म्हणतात, कॅश डिस्काउंट. समजा बिल २०,००० रुपयांचं आहे. तीस दिवसांची उधारी, किंवा सात दिवसांत दिले तर दोन टक्के वटाव. म्हणजे २३ दिवस आधी पैसे दिल्याबद्दल तुम्हाला ४०० रुपये मिळतायत. १९,६०० रुपये २३ दिवस गुंतवून ४०० रुपये, वर्षाच्या हिशेबात हा दर होतो बत्तीस टक्क्यांच्या वर. बँकेच्या सीसीचा दर सहसा याच्या निम्माही नसतो. मग ती 'बिनव्याजी' उधारी घेऊन तुम्ही नक्की काय कमावलं?

इथे लगेच कोणीतरी हात वर करतं. "सर, आमच्याकडे रोखीला पैसेच नसतात हो." मान्य. माझ्याकडेही नसायचे. म्हणून सगळ्यांना एकदम रोख द्या असं मी म्हणतच नाही. ज्याचा माल एक दिवस आला नाही तर तुमचं काम बंद पडतं असा एक पुरवठादार निवडा आणि आधी त्याचा वटाव घ्यायला लागा. बाकीच्यांची उधारी राहू द्या, पण दिलेली तारीख पाळा. आणि जमणार नसेल तर तारखेच्या दोन दिवस आधी स्वतः फोन करा. "काका, सोमवारऐवजी गुरुवारी देतो." बस, एवढंच. तारीख उलटल्यावर तीन वेळा फोन न उचलणारं गिऱ्हाईक आणि आधी कळवणारं गिऱ्हाईक, दोघांनीही पैसे गुरुवारीच दिले तरी टंचाईच्या दिवसांत माल कोणाला मिळेल ते तुम्हीच सांगा.

एक सवय लावून घ्या. पेमेंटचा एक वार ठरवा. मी शनिवारी दुपारी बसायचो. आठवड्याची सगळी बिलं समोर, ज्यांची तारीख आली त्यांचे पैसे त्याच बैठकीत. यूपीआय करताना नोटमध्ये बिल नंबर टाका. व्यापाऱ्याच्या मुनीमाचा अर्धा तास वाचतो आणि वर्षाच्या शेवटी खातं जुळवताना तुमची अर्धी संध्याकाळ.

यात कायद्याचीही बाजू आहे, थोडक्यात सांगतो. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो. नुसती खरेदी-विक्री करणारा व्यापारी यात येत नाही, उत्पादक आणि सेवा देणारा येतो. म्हणजे तुमचा पाऊच बनवणारा, लेबल छापणारा यांच्याकडे उद्यम नोंदणी आहे का ते विचारून ठेवा आणि तुम्हाला हे कसं लागू होतं ते सीएकडून समजून घ्या.

आणि हो, हीच तलवार तुमच्या बाजूनेही चालते. तुम्ही स्वतः उत्पादक आहात. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट असते, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. मोठं दुकान किंवा कंपनी तुमचे पैसे अडकवून बसली तर याच कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करता येतो. स्वतःच्या पैशांसाठी आपण किती तळमळतो ते आठवा, म्हणजे व्हेंडरला शनिवारी पैसे सोडताना हात आखडणार नाही.

पाऊचची गोष्ट

सातारा जिल्ह्यातल्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. कांदा-लसूण मसाला आणि आणखी दोन प्रकार विकायच्या. त्यांना पाच रंगांत छापलेला चकचकीत पाऊच हवा होता आणि "प्रिंटर फार लुटतोय" अशी तक्रार होती. मी म्हटलं, कोटेशन दाखवा. बघितलं तर लूट कुठेच नव्हती. अशा छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, म्हणजे पाच रंगांना पाच. तो खर्च पाचशे पाऊच घेतले काय आणि पन्नास हजार घेतले काय, तेवढाच. शिवाय मशीन सेट होईपर्यंत सुरुवातीचं मटेरियल वाया जातं. म्हणूनच प्रिंटर म्हणतो, अमुक किलोच्या खाली काम परवडत नाही. त्यात त्याचा हट्ट नसतो, मशीनचं गणित असतं.

ताईंना मी सांगितलं, रेटवर बोलूच नका. त्याला विचारा, "मी काय बदललं तर तुमचं काम सोपं होईल?"

त्यांनी विचारलं आणि उत्तरं भराभर आली. पहिलं, छापील पाऊच सोडा, माझ्याकडे तयार साइजचा साधा स्टँडी पाऊच आहे तो घ्या आणि स्टिकर लावा. दुसरं, तुमचे दोनशे ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम हे दोन वेगळे पाऊच कशाला? एकाच साइजमध्ये दोन्ही बसतात. तिसरं, वर्षाला किती लागतील त्याचा अंदाज द्या, चार वेळा उचला, मी वर्षभराच्या मालाचा रेट लावतो. ताईंनी तिन्ही गोष्टी केल्या. पहिल्या कोटेशनपेक्षा पाऊचवरचा खर्च निम्म्याहून खाली आला आणि प्रिंटरही खूश, कारण त्याचा गोडाऊनमधला तयार माल हलला. सिलिंडरमध्ये अडकले असते ते पैसे ताईंनी मिरची घेण्यात घातले, आणि तेही सीझनमध्ये, भाव उतरलेला असताना.

छापील पाऊचचा आणखी एक धोका लोक विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद फरसाण-नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ज्यांच्याकडे छापील एमआरपीच्या पाकिटांचा ढीग होता ते नवी किंमत लावत बसले. स्टिकरवाल्यांनी नवा रोल छापला आणि काम सुरू. एफएसएसएआय नंबर बदलला, पत्ता बदलला, वजन बदललं, काहीही झालं तरी हेच. धंदा दोन-तीन वर्षं स्थिर होईपर्यंत स्टिकरच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रँडिंगवाली मंडळी रागावतील, रागावू देत.

स्टिकर छापायला देण्याआधी प्रूफ मात्र स्वतः वाचा, दोनदा. एफएसएसएआय नंबरातला एक आकडा चुकला आणि तुम्ही प्रूफला ओके दिलं असेल तर तो खर्च प्रिंटरच्या गळ्यात मारू नका. मी असं भांडताना लोकांना बघितलंय. एका चुकीचे पैसे वसूल होतात, पण पुढच्या वेळी घाईचं काम कोणी घेत नाही.

गोड वागायचं, पण वजन काट्यावरच

आत्तापर्यंतचं वाचून कोणाला वाटेल की सर सांगतायत व्हेंडरच्या पाया पडा. अजिबात नाही. काही गोष्टींत मी फार कडक आहे.

माल आला की त्याच दिवशी वजन करायचं आणि उघडून बघायचं. माझ्या सहा पोत्यांची गोष्ट विसरू नका, प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे तळून चाखले असते तर दहा मिनिटांत समजलं असतं. खराबी दिसली तर लगेच फोटो काढून पाठवा. आठ दिवसांनी तक्रार केली तर व्यापारी म्हणणारच, "तुमच्याकडेच दमट झाला असेल." आणि तो खोटं बोलतोय असं तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर लिहूनच द्यायची. मालाचं नाव, प्रत, वजन, भाव, कधी हवा, हमाली-भाडं कोणाकडे. फोनवर बोलणं झालं असलं तरी वर दोन ओळी टाकायच्या. हे अविश्वासाचं लक्षण मानू नका. उलट "मी असं म्हणालोच नव्हतो" यावरून तुटलेले कितीतरी चांगले संबंध मी बघितलेत.

कच्च्या बिलाचा मोह टाळा. तुम्ही जीएसटीत नियमित नोंदणी केलेली असेल तर पाऊचवर भरलेला १८ टक्के कर तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतो. १०० रुपयांचा माल पक्क्या बिलाने ११८ ला दिसतो, पण ते क्रेडिट वापरता येत असेल तर तुम्हाला पडतो १०० लाच. बिलाशिवाय १०८ ला देणारा तुम्हाला आठ रुपयांनी महाग देतोय आणि वर उपकार केल्याचा आव आणतोय. फक्त हे क्रेडिट समोरच्याने आपलं रिटर्न वेळेवर भरलं तरच तुमच्या पोर्टलवर दिसतं, आणि तुम्ही त्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. त्यामुळे रिटर्न न भरणारा व्हेंडर कितीही स्वस्त असला तरी दोनदा विचार करा. तुमची नोंदणीच नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटचं गणित लागू नाही. पण माल खराब निघाला तर दाखवायला कागद कुठला?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा पुरवठादार. शेठकडे पुन्हा जायला लागल्यावरही मी एक चौथाई माल दुसरीकडून घेत राहिलो आणि हे शेठना उघड सांगितलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "बरोबर आहे, माझं दुकान बंद असलं तर तुमची कढई का थांबावी?" पंचाहत्तर-पंचवीस हे प्रमाण मला छोट्या धंद्याला योग्य वाटतं. अर्धं-अर्धं केलं तर तुम्ही दोघांचंही मोठं गिऱ्हाईक होत नाही.

तीन कोटेशनची पद्धत वर्षातून दोनदा ठीक आहे, बाजार कळतो. पण एकाचं कोटेशन दुसऱ्याच्या तोंडावर नाचवायची सवय वाईट. यार्डात सगळे एकमेकांना ओळखतात. "याला घ्यायचं नसतं, फक्त भाव काढायला येतो" असं नाव एकदा पडलं की तुम्हाला खरा भाव कोणी सांगत नाही.

काही व्हेंडर सोडावेच लागतात. वजनात दुसऱ्यांदा कमी भरला, खराब माल बदलून द्यायला टाळाटाळ केली, किंवा सणाच्या तोंडावर कबूल केलेला भाव फिरवला, तर मी थांबत नाही. फक्त आता सांगून सोडतो. राहिलेले सगळे पैसे चुकते करतो, कारण सांगतो आणि नमस्कार करून निघतो. जुलैमध्ये मी शेठना तो एक फोन केला असता तर आज हा लेख लिहायला माझ्याकडे गोष्टच नसती म्हणा!

आता तुमचं काम. तुमच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा ज्यांचा आहे असे तीन पुरवठादार काढा. सणाची गर्दी सुरू होण्याआधी, दुपारच्या निवांत वेळी त्यांच्याकडे जा, फोनवर नको. पुढच्या तीन महिन्यांत किती माल लागेल याचा अंदाज कागदावर लिहून न्या. मग विचारा, "माझ्या ऑर्डरमुळे तुमचा वेळ किंवा पैसा कुठे वाया जातो?" जे सांगतील ते लिहून घ्या, जमेल ते बदला, आणि महिनाभराने परत जाऊन त्याबद्दल भावात काय कमी होईल ते मागा.

पहिल्यांदा विचाराल तेव्हा समोरचा जरा गोंधळेल. "काही नाही हो साहेब, सगळं व्यवस्थित आहे," म्हणेल. उठू नका. चहा सांगा आणि परत विचारा.